पंडितीण म्हणून हिणवू नका

जळकोटच्या शेतकरी व कारागीर बांधवांनो, खुरपणी निघाली की मुलीची शाळा बुडते. तिने कुरकुर केली तर घरचेच म्हणतात, "आली मोठी पंडितीण!" खुरपणीस सावडीने माणूस घ्या, मुलीस शाळेत जाऊ द्या. आणि ज्या नावाने तिला हिणविता, ते एका मराठी बाईने कसे चालविले ते ऐका.

रमाबाई डोंगरे संस्कृत जाणत, म्हणून १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस 'पंडिता' ही पदवी दिली. पुरुषांच्या मिरासीतला शब्द बाईस लागला! पुढे १८८० साली त्यांनी शूद्र गणलेल्या बंगाली वकिलाशी लग्न केले, १८८३ साली धर्म बदलला, तशी भटशाहीची वाहवा आटली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली. धर्मांतर कोणास पटो न पटो, पदवी त्यांनी कामास लावली. पंडिता रमाबाई याच नावाने अमेरिकेत फिरून त्यांनी शाळेसाठी पैसा उभा केला व १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले. ते आरंभी मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, हे उणे आम्ही झाकीत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या शेकडो निराधार मुली केडगावी वाचण्यालिहिण्यासोबत विणकाम, शेती व छापखान्याचे काम शिकल्या.