परसबाग : फुलावर आलेला हरभरा

फुलावर आलेले पीक आपल्याच हाताने कापून मातीत घालावयाचे, ही गोष्ट आमच्या वऱ्हाडातील कोणत्याही घरी सहजासहजी पटत नाही. दिवाळीच्या सुमारास परसात टाकलेला हरभरा धुंधुरमासात जांभळट फुलांनी भरून येतो. आणखी तीन आठवडे धीर धरला तर संक्रांतीच्या सुगडात घालावयास घरचे घाटे मिळतील, हे वडील मंडळींस दिसत असते. अशा वेळी कोणी विळा घेऊन वाफ्यात उतरला, तर सासूबाईंपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी त्याचा हात धरावा यात नवल नाही. तथापि जो हरभरा उन्हाळी भाजीपाल्यासाठी जमीन तयार करण्याच्या हेतूने पेरला, त्याचे काम फुलाबरोबर संपते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आमचे एकट्याचे नव्हे आणि आजचेही नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकातील ग्रंथात, वृक्षायुर्वेद नावाचा अध्याय आहे. बाग लावण्यापूर्वी भूमीचा पहिला संस्कार कोणता, हे तेथे आरंभीच सांगितले आहे. भूमी मऊ असावी, तीत तीळ पेरावे, आणि ते फुलले म्हणजे तेथेच चुरडावे. तीळ पिकू द्यावे असे आचार्य म्हणत नाहीत. ते फुलण्यापाशी थांबतात, आणि सर्व मर्म तेथेच आहे.

त्याचे कारण पुढे शास्त्राने उलगडले. हरभरा, मेथी, वाटाणा यांच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरून झाडास पुरवितात, हे हेल्रीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली जाहीर केले. फुले येईपर्यंत हे नत्र पाने, देठ व मुळे यांत साठत जाते. घाटे धरू लागले की झाड आपली पुंजी दाण्याकडे वळविते. दाणा आपण खातो, आणि जमिनीच्या वाट्यास नीरस काड्या उरतात. अशा काड्या कुजविताना जंतू उलट मातीतीलच नत्र खर्चितात. म्हणून त्यांवर लावलेली भेंडी प्रथम पिवळी पडते. गाठींची परीक्षा मुलांनीही करावी. एक रोप कुदळीने अलगद उचलावे व मुळावरील गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला तर काम चालू आहे. हिरवट किंवा करडा दिसला तर ते थांबले आहे असे समजावे.

आमच्या दर्यापुरास या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. आमचा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात माती काळी, चिकण व पाण्याचा निचरा न होणारी, आणि विहिरीचे पाणी खारे. अशी जमीन उघडी टाकली की उन्हाने ती भेगाळते, ओल उडून जाते आणि ओलीबरोबर वर आलेला क्षार पृष्ठभागी राहतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९६९ साली झाली, या जमिनींसाठी हिरवळीच्या खतांचे प्रयोग केले आहेत. धैंचा व ताग ही पावसाळ्याची पिके. थंडीत ती खुरटतात. हिवाळ्यास हरभरा व मेथी योग्य. मात्र परसात जेथे पांढरा थर धरतो, तेथे हरभरा नीट उगवत नाही. ती जागा पावसाळ्यातील धैंच्यासाठी राखावी.

आता कृती. एका गुंठ्यास सुमारे एक किलो हरभरा दाट पेरावा. पेरणीपासून साधारण पन्नास दिवसांत निम्म्या झाडांवर फूल दिसले की विळ्याने जमिनीलगत कापावा. मुळे उपटू नयेत. पाला बोटभर लांबीचा तोडून अर्धी वीत खोल मातीत मिसळावा व एक हलके पाणी द्यावे. ओल नसेल तर पाला कुजत नाही, नुसता वाळतो. मर लागलेली झाडे मात्र मातीत न घालता वेगळी काढून जाळावी. नंतर तीन आठवडे जमिनीस हात लावू नये. कारण ताज्या कुजत्या पाल्यात बी कुजते व कोवळी रोपे दगावतात. या अवधीत वांग्याची व मिरचीची रोपे निराळ्या वाफ्यात तयार करावी.

येथे कोणी म्हणतील, की ज्या गावी गोड्या पाण्याची चणचण, तेथे कुजविण्यासाठी पाणी कोठून आणावे? हा आक्षेप खरा आहे. उभे पीकही जमिनीची ओल पितच असते. म्हणून ते वेळीच कापण्यात पाण्याचीही बचत होते. पाणी अगदीच नसेल तर पाला गाडू नये, वाफ्यावर पसरावा. मुळे खाली आपोआप कुजतील आणि वरचे आच्छादन उन्हापासून ओल राखील. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी वाफ्यास चालते. साबणाचे व धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र घालू नये. आमच्या मातीत सोडियम आधीच उदंड आहे.

राहिला प्रश्न सुगडाचा. त्यासाठी कुंपणालगतची एक ओळ घरातील स्त्रियांच्या स्वाधीन करावी व तिला विळा लावू नये. वाण घरचे होईल, मुलांस हुळा खावयास मिळेल, आणि बाकीच्या वाफ्यावर कोणाचा हक्क राहणार नाही. ही वाटणी पेरणीच्याच दिवशी सर्वांसमक्ष ठरवावी. फुले डोळ्यांसमोर आल्यावर केलेला वाद बहुधा जमिनीच्या विरुद्ध निकाली निघतो, कारण घरात तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

थंडी ओसरून माघ लागला, की माती उकरून वास घ्यावा. आंबूस वास येत असेल तर आणखी आठ दिवस थांबावे. पहिल्या पावसानंतर येतो तसा वास आला, म्हणजे भेंडी, गवार, काकडी व दोडकी खुशाल टोकावी.