पूर्वजांचे श्रेय परग्रहाला नको

१२ सप्टेंबर २०२३ रोजी मेक्सिकोच्या संसदेत एक विलक्षण दृश्य दिसले. हाइमे मौसान नामक पत्रकाराने तीन बोटांचे, लांबट डोक्याचे दोन छोटे देह सदस्यांसमोर मांडले आणि हे पृथ्वीवरील उत्क्रांतीतून निर्माण झालेले जीव नव्हेत, असे शपथेवर सांगितले. ती छायाचित्रे जगभर पसरली. पुढे काय झाले, हे मात्र फार थोड्यांच्या कानी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरूतील लिमा विमानतळावर, मेक्सिकोकडे निघालेल्या टपालात तशाच दोन आकृती जप्त झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये तेथील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी निर्वाळा दिला की, पशुपक्ष्यांची हाडे, कागद आणि आधुनिक गोंद यांपासून बनवलेल्या या बाहुल्या होत!

ही झाली फसवणूक. पण याहून वेदनादायक उदाहरण चिलीचे आहे. २००३ मध्ये अटाकामा वाळवंटातील एका ओसाड वस्तीत वीतभर लांबीचा मानवसदृश सांगाडा सापडला. निमुळते डोके आणि बरगड्यांच्या दहाच जोड्या एवढ्यावरून तो परग्रहवासीयाचा ठरवण्यात आला, विकला गेला, चित्रपटात मिरवला गेला. २०१८ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले की, ती चिलीच्याच मातीतील एक मुलगी होती. अन्य अभ्यासकांच्या मते तो केवळ अपुऱ्या दिवसांचा गर्भ होता आणि त्या अवस्थेत अशी ठेवण स्वाभाविकच असते. कोण्या अज्ञात मातेने दुःखाने पुरलेले अपत्य जगाने करमणुकीची वस्तू केले. अज्ञान क्षम्य असते. मृतांची विटंबना नव्हे.

या प्रकाराशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आपल्या वेरूळशी आहे. एरिक फॉन डॅनिकेन यांचे गाजलेले पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून प्राचीन भव्य वास्तू परग्रहवासीयांच्या खाती जमा करण्याची टूम निघाली. कैलास लेणेही त्यातून सुटले नाही. सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि १०७ फूट खोल खडक छिन्नी-हातोड्याने कोरून काढणे मानवाला अशक्य, असा हा युक्तिवाद. इजिप्त, पेरू आणि भारत यांच्याबाबत ही शंका हटकून निघते. रोमच्या कलोसियमबाबत ती सहसा कोणाला सुचत नाही. यामागची अहंता ओळखायला हवी.

वस्तुतः पुरावा आपल्याच घरी आहे. राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याने आठव्या शतकात हे मंदिर खोदवले. नवव्या शतकाच्या आरंभीच्या बडोदा ताम्रपटात एलापूरच्या या शिवालयाचा उल्लेख आहे. विमानांतून संचार करणारे देवही ते पाहून थक्क झाले आणि खुद्द शिल्पकारालाही आपण हे कसे साधले याचे नवल वाटले, असा त्यातील वर्णनाचा आशय आहे. येथे विमानातले देव प्रेक्षक आहेत. कर्ता मनुष्य आहे! हे कौशल्य आकाशातून अवचित उतरलेले नाही. त्याआधी शतकानुशतके सह्याद्रीच्या कातळात लेणी खोदली जात होती. अजिंठ्याचे अर्धवट राहिलेले चोविसावे लेणे पाहावे; काम कोणत्या क्रमाने पुढे सरके, हे तेथे डोळ्यांनी दिसते. जे परग्रहाच्या यंत्राने झाले, ते अर्धवट कशाला राहील?

परंतु इतरांकडे बोट दाखवताना स्वतःलाही तपासले पाहिजे. घटोत्कचाचा म्हणून एका अजस्र सांगाड्याचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. २००७ मध्ये मुंबईच्या एका हिंदुत्वनिष्ठ मासिकानेही ते वृत्त छापले आणि नंतर चूक मान्य केली. ते चित्र मुळात २००२ मधील संगणकीय चित्रस्पर्धेसाठी रचलेले होते. त्याखालचे खरे छायाचित्र न्यूयॉर्क राज्यातील मास्टोडॉन या नामशेष हत्तीसदृश प्राण्याच्या उत्खननाचे होते. महाभारताची थोरवी असल्या बनावट हाडांवर अवलंबून आहे काय? उलट, एक खोटा पुरावा पकडला गेला की शंभर खऱ्या पुराव्यांकडे संशयाने पाहिले जाते आणि विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत मिळते.

म्हणून कार्यकर्त्याने एक साधा नियम पाळावा. असे चित्र हाती आले की पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हे कोठे सापडले? कोणी तपासले? तपासणीचा निष्कर्ष काय? आणि सुटीत मुलांना वेरूळला अवश्य न्यावे. भिंतीवरील छिन्नीच्या खुणांवरून त्यांना हात फिरवता आला नाही, तरी त्या जवळून दाखवाव्यात. त्या खुणा ज्यांच्या आहेत, त्यांची नावे इतिहासाने नोंदवलेली नाहीत. निदान त्यांचे श्रेय तरी आपण त्यांच्यापासून हिरावून घेऊ नये.