तोडलेल्या फळाचा श्वास

फळ झाडावरून उतरले तरी त्याचा श्वास चालूच असतो. उष्णता वाढली की तो जलद होतो, आतली साखर व पाणी खर्ची पडते आणि फळ सुरकुतते. मराठवाड्यातला लहान बागाईतदार पेरू-मोसंबी मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो, तो याच भीतीने.

शीतगृह हा उपाय खरा; पण वीज, भांडवल आणि अंतर यांमुळे तो त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दुहेरी भिंती आणि मधल्या सुमारे साडेसात सेंटिमीटर फटीत वाळू, एवढाच त्याचा पसारा. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवली की बाष्पीभवनाने आतली हवा गार व ओलसर राहते. कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग थोडा. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात मात्र फळ काही दिवस अधिक टिकते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आपण गावचे रस्ते झाडून परततो. एखाद्या वर्षी असा एक कक्ष बांधून का देऊ नये? फळाला चार दिवस थांबता आले, तर पडत्या भावाला 'नाही' म्हणण्याचे बळ शेतकऱ्याला मिळेल.