शिवणीतली माया

आपल्या मंडळींपैकी कोणी सरकारी कामानिमित्त पूर्वेकडच्या एखाद्या देशाची वारी करून परतला, की त्याच्या दिवाणखान्यात एक विधी ठरल्यासारखा पार पडतो. परिषदेचा वृत्तान्त दोन वाक्यांत आटोपतो, चहाचे कप रिकामे होतात आणि मग यजमान आतल्या खोलीतून एक कोट हँगरसकट घेऊन येतात. "बँकॉकला शिवला. सकाळी माप दिले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर हजर! दोन सूट, तीन शर्ट, आणि टाय वर फुकट. सांगा पाहू किंमत!" पाहुणे मुद्दाम चढी किंमत सांगतात, यजमान हसून निम्मी सांगतात आणि सर्वांचाच आनंद द्विगुणित होतो. या विधीला मी पाहुणा म्हणून अनेकदा बसलो आहे आणि यजमान म्हणून एकदा मिरवलोही आहे. तेव्हा त्याच्याविरुद्ध लिहिताना मी कोणा परक्याला दोष देत आहे, असे कृपा करून समजू नये.

माझे म्हणणे एवढेच, की चोवीस तासांत शिवून मिळणारा सूट हा आपल्या अंगावर बेतलेला सूट नव्हे. विकणारा हे पुरते जाणतो. घेणारा मात्र जाणूनही न जाणल्यासारखे करतो.

माप घेणे म्हणजे शिवणे नव्हे. फितीने छाती, कंबर, बाही यांचे आकडे मिळतात. परंतु उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरलेला आहे, पंचवीस वर्षे टेबलावर वाकून पाठीला गोलाई आलेली आहे, उभे राहताना आपण पोट किती पुढे सोडतो, हे फीत सांगत नाही. ते कापड अंगावर चढल्यावरच दिसते. म्हणून जाणता कारागीर बेतलेले कापड पांढऱ्या धावदोऱ्याने कच्चे जोडतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतो, खडूने खुणा करतो आणि मग निर्दयपणे सारे टाके उसवून पुन्हा बेततो. हे एकदा नव्हे, दोनतीनदा. छातीच्या आत, वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये, घोड्याच्या केसांचे कॅनव्हास हाताच्या शेकडो बारीक टाक्यांनी बसवलेले असते; त्यामुळे कोटाचा पुढचा भाग अंगाबरोबर वळतो. लंडनच्या सॅव्हिल रोवर अशा एका सूटला किमान पन्नास तासांचे हातकाम धरतात आणि तो हाती पडेपर्यंत काही महिने लोटतात. कोणी म्हणेल, पाच माणसे एकदम बसवली तर काम एका दिवसात का होऊ नये? शिवण्याचे काम पाच माणसे वाटून घेऊ शकतील. परंतु चढवणे, पाहणे, उसवणे आणि पुन्हा चढवणे हे एकामागून एकच व्हावे लागते. फायलीवर पाच अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी सह्या केल्या, म्हणजे पाचांनी ती वाचली असे आपण तरी मानतो काय?

मग चोवीस तासांत होते काय? आधीच तयार असलेल्या कागदी साच्यावर आपले आकडे थोडे पुढेमागे करून कापड कापले जाते. कॅनव्हासाच्या जागी एका बाजूस गोंद असलेले अस्तर उष्णतेने दाबून चिकटवले जाते. दुकानात माप घेणारा बहुधा शिवणारा नसतोच. कापड रात्री कोठल्या तरी कारखान्यात जाते आणि तेथे नगावर मजुरी घेणारा, आपण ज्याचे तोंडही पाहत नाही असा माणूस ते पहाटेपर्यंत यंत्रावर संपवतो. चिकटवलेल्या कोटात मुळात पाप नाही. तयार कपड्यांच्या दुकानातले बहुतेक कोट तसेच असतात आणि बरे चालतात. पण तेथे ते तयार कोट म्हणून विकले जातात. बँकॉकच्या सुखुमवितवर, व्हिएतनामच्या होई आनमध्ये किंवा हाँगकाँगच्या नेथन रोडवर तीच वस्तू 'खास तुमच्यासाठी' म्हणून गळ्यात पडते. या शब्दाचे शैथिल्य केवळ पूर्वेकडचे नव्हे. ब्रिटनच्या जाहिरात-नियामक संस्थेने २००८ साली, मुख्यतः यंत्रावर शिवलेल्या सूटलाही 'बिस्पोक' म्हणण्यास हरकत नाही, असा निर्वाळा दिला आणि सॅव्हिल रोवरचे जुने शिंपी हळहळत राहिले.

हाँगकाँगचे नाव घेतले म्हणून एक न्याय्य गोष्ट नमूद केली पाहिजे. चोवीस तासांच्या सूटची कीर्ती तेथे उगाच झाली नाही. शांघायमध्ये पाश्चात्त्य धर्तीचे कपडे शिवणाऱ्या कारागिरांची एक नामांकित परंपरा होती. त्यांतले बरेचसे निंगबोकडचे. १९४९ च्या सत्तांतराच्या सुमारास त्यांच्यापैकी पुष्कळजण हाँगकाँगला आले. फाळणीने घरदार गमावलेल्या सिंधी व्यापाऱ्यांनीही तेथे शिलाईची दुकाने थाटली. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिक थोड्या दिवसांच्या रजेवर तेथे उतरू लागले आणि घाई हाच धंद्याचा पाया झाला. त्या हातांत कसब होते, यात शंका नाही. त्यांच्यापैकी चांगल्या घराण्यांची दुकाने आजही टिकून आहेत. परंतु ती चोवीस तासांची भाषा करीत नाहीत, दोनतीनदा बोलावतात. कित्येकदा तर त्यांचे कारागीर, सॅव्हिल रोवाल्यांप्रमाणेच, ठरावीक महिन्यांनी आपण होऊन परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या गावी जातात. प्रवास करावयाचाच तर तो शिंप्याने करावा, हे त्यांनी ओळखले आहे.

आता माझ्या मिरवणुकीविषयी. २०१६ साली बँकॉकला तीन दिवसांच्या बैठकीस गेलो असताना एका दुकानाच्या दारातून "आइए सरजी" अशी हाक आली. परमुलखात हिंदी कानी पडली, की आपला अर्धा संशय तेथेच विरघळतो. कोट शिवला, मिरवला. तिसऱ्या हिवाळ्यात, चारदा ड्रायक्लीन झाल्यावर, त्याच्या छातीवर फोड आल्यासारखे फुगवटे उठले. शिवाय मधल्या काळात मीही थोडा फुगलो होतो. मुलीचे लग्न तोंडावर आले होते, म्हणून करोलबागेतल्या माझ्या जुन्या मास्टरजींकडे तो घेऊन गेलो. चौदा वर्षे तेच माझे कपडे शिवीत होते. बँकॉकचा कोट त्यांच्यापासून मी लपवून ठेवला होता, हे सांगावयास लाज वाटते. त्यांनी तो हातात घेतला, कमरेची शिवण उलटी करून नखाने चाचपली आणि म्हणाले, "साहब, इसमें खोलने को कुछ छोड़ा ही नहीं।" बाकी काही बोलले नाहीत. कोणी शिवला, कितीला शिवला, हेही विचारले नाही.

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात. अंग बदलेल, माणूस पुन्हा येईल, तेव्हा उसवून सैल करता यावे म्हणून शिंपी ती सोडतो. मास्टरजींनी शिवलेल्या माझ्या बंद गळ्याच्या काळ्या कोटात ती दोन्ही अंगांना होती. माझ्या दोन बढत्या त्यांनी त्यातूनच उलगडून दिल्या. बँकॉकच्या दुकानदाराला मी दोष कसा देऊ? दुसऱ्या दिवशी विमानात बसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी माया कोण ठेवील? प्रवासी पुन्हा येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते, आणि त्या सौद्यातले सारे काही त्या एका गोष्टीने ठरते.

यावर स्नेह्यांचा एक प्रतिवाद मला तोंडपाठ आहे: इकडचे शिंपी वेळ पाळत नाहीत, बोलावतात त्या दिवशी कापड कापलेलेही नसते. हे खरे आहे. आपल्या एका जुन्या म्हणीने तर शिंप्याला सोनार आणि कुलकर्णी यांच्या पंगतीस बसवून त्याची संगतच नको, असे बजावले आहे. पण त्या पंगतीतल्या कुलकर्ण्याच्या दफ्तराचे वारस आपण. कामास विलंब लावल्याबद्दल शिंप्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. किमतीविषयी तर बोलावयासच नको. तीन हिवाळे टिकलेला कोट स्वस्त, की चौदा वर्षे चाललेला, हा हिशेब लेखा विभागातल्या कोणत्याही सहकाऱ्यास विचारावा.

खरे कारण किमतीत नाहीच. १८८८ साली लंडनला पोहोचलेल्या तरुण मोहनदास गांधींना आपले मुंबईच्या कटाचे कपडे इंग्रज समाजात शोभणार नाहीत असे वाटले. त्यांनी नवे घेतले आणि शिवाय बाँड स्ट्रीटवर दहा पौंड घालवून संध्याकाळचा पोशाख शिवून घेतला. पुढे आत्मचरित्रात त्यांनी तो खर्च वाया गेल्याचे मोकळेपणाने लिहून टाकले. त्यांचे वय तेव्हा एकोणीस होते. आपल्यापैकी बहुतेकजण पन्नाशीला टेकलेले असतात, सरकारी समारंभास बंद गळ्याचा कोटच लागतो हे जाणतात, तो करोलबागेत किंवा हजरतगंजात उत्तम शिवला जातो हेही जाणतात, आणि तरीही "बाहेर शिवला" हे दोन शब्द उच्चारावयास मिळावेत म्हणून सामानात ओझे वाढवतात.

आणि आपण बदलीची माणसे. तीन वर्षे लखनौ, चार वर्षे दिल्ली, मग गुवाहाटी. पुन्हा न येणाऱ्या माणसाला गावातला दुकानदार, दूधवाला, शेजारी कसे वागवतो, याचा अनुभव आपल्याइतका कोणाला असेल? नव्या गावी पहिल्या वर्षी आपल्याला कोणी ओळखत नाही आणि तिसऱ्या वर्षी ओळखू लागले, तोच बदलीचा हुकूम येतो. अशा जिण्यात ज्याच्याकडे आपले माप वहीत लिहिलेले आहे, असा एखादा मास्टरजी लाभला, तर त्याला डावलून परक्या हॉटेलच्या दाराशी माप द्यावे, याला मी काटकसर म्हणू शकत नाही. करोलबागेतल्या त्या गल्लीत पूर्वी शिलाईची चार दुकाने होती. आज एकच आहे, आणि त्याच्या फळीवर कोटांपेक्षा दुरुस्तीच्या पँटीच अधिक दिसतात.

ज्यांना परदेशातून काही आणल्यावाचून राहवत नाही, त्यांनी कापड आणावे. इंग्लंडच्या हडर्सफील्डचे किंवा इटलीतल्या बिएलाचे लोकरी कापड खरोखरच नामी असते. पूर्ण सूटला सव्वातीन ते साडेतीन मीटर पुरे होते आणि ते घडी करून पेटीच्या तळाशी सहज बसते. मात्र ते दसऱ्यापूर्वी शिंप्याकडे पोहोचले पाहिजे. लग्नसराई सुरू झाल्यावर मास्टरजी कोणाचेच ऐकत नाहीत, आणि कच्च्या शिलाईवर चढवून पाहण्यासाठी दोनदा तरी स्वतः जावे लागते. शिपायाला पाठवून भागत नाही.