नेझापटांतील पात्रे आणि मूळकथेशी इमान

'नेझा' ही एका चिनी आख्यायिकेवर आधारलेली ॲनिमेशनपटांची मालिका आहे. ज्याओझी या टोपणनावाने ओळखले जाणारे दिग्दर्शक यांग यू यांनी तिचे आतापर्यंतचे दोन्ही भाग लिहिले आणि दिग्दर्शित केले. पहिला जुलै २०१९ मध्ये आला, तर दुसरा २९ जानेवारी २०२५ रोजी, चिनी नववर्षाच्या दिवशी. दुसऱ्या भागाची कमाई दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ॲनिमेशनपटाने हा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. या यशाबद्दल कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो पात्रांबद्दल. दिग्दर्शकाने पुराणातली पात्रे उलटीपालटी केली, कथेचा कणाच काढून घेतला आणि तिच्या जागी आजच्या प्रेक्षकाला रुचेल असा गोड कौटुंबिक जिव्हाळा भरला, असा आक्षेप घेतला जातो. तो नीट मांडून तपासला पाहिजे, कारण मांडणीत तो वरवर पाहता बळकट वाटतो.

आक्षेपकांचा आधार म्हणजे मिंग काळातली, सोळाव्या शतकातली 'फेंगशेन यान्यी' ही कादंबरी. तिच्या बाराव्या ते चौदाव्या प्रकरणांत नेझाची कथा येते. चेनतांग ठाण्याचा सेनापती ली जिंग याची पत्नी यिन साडेतीन वर्षे गरोदर राहते आणि अखेर एका मांसगोळ्याला जन्म देते. ली जिंग तो तलवारीने फोडतो, तेव्हा आतून सोन्याचे कडे आणि लाल रेशमी वस्त्र घेतलेले मूल बाहेर येते. हा नेझा म्हणजे स्वर्गातल्या दिव्य मण्याचा अवतार. सात वर्षांचा असताना तो नदीत अंघोळ करतो, त्याने पूर्वसमुद्राच्या नागराजाचा महाल हादरतो. जाब विचारायला आलेल्या राजपुत्र आओ बिंगला नेझा ठार मारतो आणि त्याच्या देहातली कंडरा उपटून बापाच्या चिलखतासाठी दोर करू पाहतो. चारही समुद्रांचे नागराज आईबापांना पकडायला येतात, तेव्हा तो स्वतःचा देह कापून मांस आईला आणि हाडे बापाला परत करतो. आई त्याच्यासाठी गुपचूप देऊळ बांधते, बाप ते उद्ध्वस्त करतो. गुरू ताइयी कमळापासून त्याला नवा देह देतो आणि मग नेझा भाला घेऊन बापाच्याच जिवावर उठतो. चित्रपटात यातले बरेचसे नाही. तिथला नेझा दिव्य मणी नसून राक्षसी गोळी आहे, आओ बिंग त्याचा एकुलता एक मित्र आहे आणि बाप मुलासाठी प्राण द्यायला निघालेला आहे.

या आक्षेपाचा पहिला दोष असा की, तो सोळाव्या शतकातल्या एका पुस्तकाला 'मूळ' ठरवतो. नेझा त्या पुस्तकाहून कितीतरी जुना आहे आणि त्याची पाळेमुळे भारतापर्यंत जातात. नेझा हे नाव नलकूबराचे चिनी रूप आहे. कुबेराचा हा मुलगा मराठी वाचकाला भागवतातल्या यमलार्जुनाच्या कथेतून माहीत असतो. आठव्या शतकात अमोघवज्रासारख्या आचार्यांनी तांत्रिक बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत आणले, त्यांत तो वैश्रवणाचा, म्हणजे कुबेराचा, शस्त्रधारी रक्षक पुत्र म्हणून भेटतो. तिथे हाडे-मांस परत करण्याचा प्रसंग नाही. तो सुंग काळातल्या छान (झेन) या बौद्ध पंथाच्या संवादांत येतो, आणि तिथेही जणू कोडे म्हणून: सारा देह परत दिल्यावर उरलेला नेझा कोण? ली जिंग तर इतिहासातला माणूस. सातव्या शतकातला हा तांग सेनापती लोकमानसात वैश्रवणाशी एकरूप झाला आणि मग कादंबरीकाराने त्याला शांग राजवटीच्या अखेरच्या काळात, सुमारे सतराशे वर्षे मागे, नेऊन बसवले. 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीत नेझाला कमळाचा देह देणारा बुद्ध आहे, 'फेंगशेन यान्यी'त तो ताओपंथी गुरू आहे. दोन्ही मिंग काळातल्याच कथा, पण पुनर्जन्म देणाऱ्याचा धर्म बदललेला. इतक्या हातांतून घडलेल्या कथेत एकच थर पवित्र मानायचा आणि बाकीचे विटंबना म्हणायचे, याला काही आधार नाही.

मेइर शहर या अभ्यासकाने या परंपरेबद्दल एक लक्षणीय मत मांडले आहे. पाण्यात उतरून नागाशी झुंजणाऱ्या या बालवीराच्या घडणीत नलकूबराबरोबर बाळकृष्णाचाही वाटा आहे, असे ते म्हणतात. हे अनुमान ग्राह्य धरले तर आओ बिंगच्या प्रश्नाला वेगळेच वळण मिळते. कृष्ण कालियाला मारत नाही. नागपत्नींची विनवणी ऐकून त्याला परिवारासह समुद्रात जाऊ देतो. नागाला जिवंत सोडणारा बालवीर ही चित्रपटाने घुसडलेली नवी कल्पना मग राहत नाही.

विरोधक ज्या जुन्या चित्रपटाचा दाखला देतात, तोही त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. शांघाय ॲनिमेशन स्टुडिओचा १९७९ सालचा नेझापट अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण त्यातला नागराज लहान मुले मागणारा जुलमी आहे, त्यामुळे नेझाने केलेला राजपुत्राचा वध न्याय्य ठरतो. कादंबरीतला पोरवयाचा निष्कारण हिंसाचार पुसला गेला आहे. कमळातून पुन्हा जन्मलेला नेझा तिथे बापाचा पाठलाग करत नाही, केवळ नागराजांशी लढतो. म्हणजे कादंबरीतला सर्वांत टोकदार भाग, पितृहत्येचा प्रयत्न, १९७९ मध्येच गाळला गेला होता. त्या गाळणीला अभिजात म्हणायचे आणि आजच्या बदलाला मोडतोड, हे न्यायाला धरून नाही.

तरीही बदलाचा हक्क मान्य करून भागत नाही. बदलाने कथेला काय दिले, हे दाखवणे बाकी राहते, आणि ते एकेका पात्राकडे पाहूनच दाखवता येते.

नेझाच्या आख्यायिकेच्या गाभ्याशी देहाच्या ऋणाचा प्रश्न आहे. देह आईबापांनी दिलेला, तेव्हा मुलाच्या अपराधाची शिक्षा त्यांना भोगावी लागते. ती टळावी म्हणून मुलगा देहच परत करतो. पहिल्या भागात हा प्रश्न जसाच्या तसा आहे. राक्षसी गोळीवर तीन वर्षांनी वीज कोसळणार, असा शाप आहे. ली जिंग स्वर्गातून असा ताईत मिळवतो की वीज मुलाऐवजी त्याच्यावर पडावी. हे कळल्यावर नेझा तो ताईत नाकारतो, आईबापांना वंदन करतो आणि विजेला स्वतः सामोरा जातो. कादंबरीतला नेझाही आईबापांवरचे संकट टाळण्यासाठीच देह देतो. फरक एवढाच की तिथे तो संबंध तोडण्यासाठी देतो आणि इथे तो संबंध ओळखून देतो. कृती तीच, अर्थ अधिक खोल. ज्यांना हा निव्वळ भावुकपणा वाटतो, त्यांनी त्या आधीची दृश्ये पुन्हा पाहावीत: दाराबंद वाड्यात कोंडलेले मूल, त्याला पाहताच पळणारे गावकरी, आणि तू राक्षस नाहीस असे आईबापांनी प्रेमापोटी सांगितलेले खोटे. ते खोटे उघडे पडल्यावर मुलाचा जो संताप होतो, त्यात कादंबरीतल्या नेझाची सगळी धग आहे.

आओ बिंगला कादंबरीत जेमतेम मरण्यापुरते स्थान आहे. चित्रपटात तो नेझाचा जुळा अर्धा आहे. एकाच आदिम मण्याचे दोन भाग झाले, राक्षसी गोळी माणसाच्या पोटी गेली आणि दिव्य मणी नागाच्या अंड्यात. नागकुळाला स्वर्गाने समुद्रतळाशी राक्षसांचे पहारेकरी म्हणून जखडून ठेवले आहे आणि सुटकेची आशा या एका मुलावर आहे. त्यासाठी प्रत्येक नाग आपल्या अंगावरचे सर्वांत कठीण खवले उपटून त्याला चिलखत देतो. ते चिलखत संरक्षण आहे आणि बेडीही. सौम्य, शिष्ट, शिंगे टोपीखाली लपवून फिरणारा हा 'दिव्य' मुलगाच अखेर चेनतांग गाडून टाकायला निघतो आणि 'राक्षस' गाव वाचवतो. जन्माने लागलेल्या शिक्क्याचा फोलपणा याहून स्पष्ट कोणत्या रचनेने दाखवता आला असता? आओ बिंगला मेलेला ठेवून तर नाहीच.

यिनच्या पात्रातला बदल सर्वांत मोलाचा आहे. कादंबरीतली यिन रडते, विनवते, लपून देऊळ बांधते. चित्रपटातली यिन चिलखत घालून राक्षसांशी लढते, आणि मोहिमांमधून सवड काढून त्याच चिलखतात मुलाशी पायाने फूल उडवण्याचा खेळ खेळते. ती नेझाला घाबरत नाही. दुसऱ्या भागात देवलोकीच्या कढईत आगीने वेढलेली असताना ती मुलाला मिठी मारते. नेझाच्या अंगात शापाचे काटे आहेत; तो आईला लांब राहायला सांगतो, पण ती काटे टोचून घेत त्याला जवळ घेते आणि त्याच्या डोळ्यांदेखत संपते. त्या आकांताने नेझाचा देह तुकडे तुकडे होऊन पुन्हा घडतो. 'मांस आईला परत' हा जुना प्रसंग इथे नव्या रूपात उभा आहे. कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकालाही तो हलवतो आणि वाचलेल्याला त्यातली जुनी रेषा दिसते. मालिकेतला हा सर्वोच्च क्षण आहे, आणि तो यिनला बदलल्याशिवाय शक्य नव्हता.

शेन गोंगबाओबद्दल आक्षेप दुहेरी आहे: कादंबरीतल्या खलनायकाला सहानुभूती दिली आणि वर तोतरेपणा देऊन त्याची थट्टा केली. पहिल्या भागात त्याच्या अडखळण्यावर हशा पिकवला जातो, हे खरे. मात्र तो कुढतो का, याचे कारण त्याच भागात आहे. कष्टाने विद्या मिळवूनही बिबट्याच्या कुळात जन्मल्यामुळे त्याला डावलले जाते. दुसऱ्या भागात त्याचा धाकटा भाऊ शियाओबाओ मोठ्या अभिमानाने त्याला शोधत येतो, तेव्हा दादाने देवलोकात मानाचे स्थान मिळवले आहे, असा त्या पोराचा समज असतो. त्या समजापुढे शेनने गिळलेली शरम दिग्दर्शकाने शब्दांविना दाखवली आहे. कादंबरीतला मत्सर इथेही आहे. त्याला फक्त उगम मिळाला आहे. हा उगमही बाहेरून आणलेला नाही. केसाळ, शिंगवाल्या, अंड्यातून जन्मलेल्या साधकांबद्दल उच्च पंथाला वाटणारा तिटकारा 'फेंगशेन यान्यी'त जागोजागी आहे. कादंबरी त्याची नोंद करून पुढे जाते, चित्रपट त्यावर बोट ठेवतो.

याच मुद्द्यावर वूलियांग या वृद्ध देवर्षीच्या पात्राचे समर्थन उभे आहे. दीर्घायुष्याच्या पूज्य देवतेसारखे रूप असलेल्या या म्हाताऱ्याला दुष्ट का केले, हा सर्वांत तीव्र आक्षेप. जन्मावरून प्रतिष्ठा वाटणारी व्यवस्था जर असेल, तर तिची क्रूरता तिच्या सर्वांत हसतमुख प्रतिनिधीमध्येच शोधावी लागते. त्याच्या महालात सगळे काही शुभ्र आहे आणि त्या शुभ्रतेखाली पकडलेल्या राक्षसांच्या गोळ्या बनतात. या महालात काहींना अमेरिका दिसली, काहींना मायदेशातली सत्ता. पात्र एवढ्या अर्थांना जागा देते यातच त्याची ताकद आहे, एका अर्थात त्याला कोंबण्याची गरज नाही. शिलारूप शिजीचेही तसेच. कादंबरीत नेझाच्या बाणाने तिचा सेवक मरतो आणि न्याय मागायला गेलेली तीच जाळली जाते. चित्रपटात ती कोणाच्या वाटेला न जाणारी, आरशात रमणारी बाई आहे आणि तिच्यावरचा हल्ला अन्याय म्हणूनच दिसतो.

ताइयी झेनरेनला ढेरपोट्या, डुकरावर बसणारा मद्यपी केले, याचा राग अनाठायी आहे. त्याच्या नशेमुळेच मणी आणि गोळीची अदलाबदल होते, म्हणजे विनोद कथानकाचा सांधा आहे. तो सिचुआनी ढंगाने बोलतो, कारण चित्रपट घडवणारा स्टुडिओच सिचुआनमधल्या चेंगदूचा. चेनतांगच्या वाड्याचे हास्यास्पद रक्षकप्राणीही सिचुआनमधल्या सानशिंगद्वी इथे सापडलेल्या प्राचीन कांस्यमूर्तींवर बेतले आहेत. पात्रे हॉलिवूडच्या साच्यातून काढली, हा आरोप एवढ्यावरच लंगडा पडतो. नियती आपल्या हाती आहे, हा नेझाचा घोषही पाश्चात्त्य व्यक्तिवादाची उसनवारी नाही. आयुष्य स्वर्गाच्या नव्हे तर साधकाच्या हाती असते, हा विचार चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ताओपंथी ग्रंथात आहे.

टीकेला खरी जागा दुसरीकडे आहे. दोन्ही भागांत मलमूत्राचे विनोद गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि गंभीर प्रसंगांच्या अगदी जवळ येऊन ते त्यांना इजा करतात. चेनतांगचे गावकरी पहिल्या भागात भयाने पछाडलेला जिवंत समाज होते. दुसऱ्या भागात ते मारले जाण्यापुरते उरतात, त्यामुळे गावाच्या विनाशाचा आघात नेझाच्या चेहऱ्यावर दिसतो, गावात दिसत नाही. सर्वांत मोठी उणीव आओ रुन हिची आहे. पश्चिमसमुद्राच्या नागराजाला स्त्री करण्याचा निर्णय धाडसी होता आणि कुळ टिकवण्यासाठी शत्रूशी हातमिळवणी करणारी राणी हे पात्र शेन गोंगबाओच्या तोलाचे होऊ शकले असते. पण तिच्या फितुरीमागची घुसमट पटकथेने दोन-चार वाक्यांत उरकली, आणि तिचा भाऊ आओ ग्वांग याच्या वाट्याला आलेला बापपणाचा तपशील तिला मिळालाच नाही.