भाड्याचे गाणे

“शंभर-सव्वाशे रुपयांचा एवढा काय विचार करायचा?” हा प्रश्न गेल्या पंधरवड्यात आम्हांस निदान पाच जणांनी विचारला. त्यांपैकी तिघे आमच्याहून वरच्या वेतनश्रेणीतले असल्यामुळे त्यांच्या प्रश्नाच्या सुरातच उत्तर होते. चौथे आमचे शेजारी. आणि पाचवी आमची सौभाग्यवती, जिच्यापुढे युक्तिवाद चालत नाही हे संसारी वाचकांस सांगणे नको. प्रसंग साधाच होता. मोबाइलवर गाणी ऐकविणाऱ्या एका कंपनीने आम्हांस तीन महिने फुकट ऐकू दिले होते. ती मुदत गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेस संपत होती आणि पुढे दरमहाची वर्गणी आमच्या खात्यातून आपोआप वळती व्हावयाची होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासून अमलात आलेल्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते. ती आली, म्हणून तरी विचार करावयास अवसर मिळाला. वर्गणी ठेवावी की सोडावी, एवढाच मुद्दा, असे सारे म्हणतात. तो एवढाच नाही असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम ऋण मान्य करू. कोलकात्यास येऊन आम्हांस चार वर्षे झाली. पावसाळ्यात सॉल्ट लेकच्या कचेरीतून सुटून, गुडघाभर पाण्यातून वाट काढीत, घामाने आणि पावसाने सारखेच भिजून घरी परतताना कानात एखादे नाट्यपद सुरू असावे, हे सुख आम्ही यापूर्वी कधी अनुभवले नव्हते. जी पदे वडिलांच्या तोंडून अर्धीमुर्धी ऐकली होती ती प्रथमच पुरी ऐकली. एका रात्री लेखापुस्तक बंद करून आम्ही दोन वाजेपर्यंत ऐकत बसलो, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत उशिरा पोचल्याबद्दल अर्ध्या दिवसाची रजा गमावली. तेव्हा ‘यंत्रयुगाने संगीताचा घात केला’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींच्या गोटात आम्हांस कोणी बसवू नये. आमचा वाद यंत्राशी नाही.

आमचा वाद आहे तो आपल्याच मंडळींच्या एका समजुतीशी. ती समजूत अशी: आता सर्व काही मोबाइलवर आहे, मग घरात ध्वनिमुद्रिका कशाला, कॅसेटी कशाला, पदांची पुस्तके कशाला? बदलीचा हुकूम आला की सामानाचे वजन मोजावे लागते, आणि गाण्याचे वजन तर आता शून्य झाले आहे. आमचे एक ज्येष्ठ स्नेही, तीस वर्षे पाच राज्यांत बदल्या भोगलेले, त्यांनी गेल्या वर्षी वडिलांच्या दोन पेट्या कॅसेटी भंगारवाल्यास दिल्या. “सगळे आहे हो त्याच्यात,” असे खिशाकडे बोट दाखवून ते म्हणाले.

सगळे आहे खरे. पण ते कोणाचे आहे? गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहावा. गूगलची ‘प्ले म्युझिक’ २०२० मध्ये बंद झाली. ‘रेसो’ने ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतातून गाशा गुंडाळला. एअरटेलची ‘विंक’ त्याच वर्षी मिटली. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आली, आणि दोन महिन्यांच्या आतच ‘सारेगामा’ची गाणी काढून टाकण्याची हमी तिला दिल्लीच्या उच्च न्यायालयात द्यावी लागली, पुढे २०२० मध्ये करार झाल्यावर ती परत आली. मार्च २०२३ मध्ये ‘झी म्युझिक’ची गाणी तिच्यावरून अशीच नाहीशी झाली. दोन कंपन्यांचे दरावरून पटले नाही, एवढेच कारण. त्या भांडणात ऐकणाऱ्यास कोणी पक्षकार केले नव्हते. भाडेकरूस घरमालकांच्या तंट्यात कोण विचारतो? वर्गणीदार स्वतःस ग्राहक समजतो, परंतु त्याची खरी जागा भाडेकरूची आहे. आणि भाडेकरूस निदान भाडेनियंत्रणाचा कायदा तरी असतो.

येथे कोलकात्याची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली या शहरात, सियालदहला, ध्वनिमुद्रिका छापण्याचा कारखाना काढला. पुढे तो दमदमला गेला. महाराष्ट्रात ज्या कुत्र्याच्या छापाच्या तबकड्यांवर आपल्या आजोबांनी नाट्यपदे ऐकली, त्यांतल्या असंख्य येथल्या मजुरांच्या हातांतून निघाल्या. फ्री स्कूल स्ट्रीटवर (आताच्या मिर्झा गालिब स्ट्रीटवर) जुन्या तबकड्यांची दुकाने आहेत. तेथे एका रविवारी हिंदी आणि बंगालीच्या चळतीत आम्हांस एक मराठी तबकडी सापडली. लेबल झिजलेले, एका बाजूस खरवडा. पण गाणाऱ्याचे नाव आणि दमदमचे नाव दोन्ही वाचता येत होती. मुंबईला विकली गेलेली ती वस्तू कोणा बदलीवाल्या मराठी माणसाच्या ट्रंकेतून जन्मगावी परत आली असावी, अशी आम्ही कल्पना केली. ती कल्पना खोटी असेल. परंतु ती वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली, मधल्या कोणाची अनुमती न घेता गेली, आणि आज वाजते, हे खोटे नाही. आमच्या मोबाइलवरील गाणे आम्ही आमच्या कन्येस वारसा म्हणून देऊ शकत नाही. वर्गणी थकली की ते मुके होते.

कोणी म्हणेल, हे भावनेचे झाले, व्यवहाराचे बोला. बोलतो. लिपिकास व्यवहारच अधिक कळतो.

आमची समजूत अशी होती की, आपण महिनाभर केवळ अभंग ऐकले तर आपल्या वर्गणीतला कलावंतांचा वाटा त्या अभंग गाणाऱ्यांकडे जात असेल. मनिऑर्डरीच्या पावतीवर वाढलेल्या माणसाची ही समजूत. प्रत्यक्षात या धंद्यातली रूढ पद्धत निराळी आहे. सर्व वर्गणीदारांचे पैसे एका हौदात पडतात. सर्वांनी मिळून जेवढी गाणी वाजविली त्यांत ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढे पैसे त्याला. म्हणजे आम्ही कानात कीर्तन घालावे आणि आमच्या रुपयाचा मोठा भाग ज्याचे नावही आम्ही ऐकले नाही अशा, कोट्यवधी वेळा वाजलेल्या गाण्याकडे जावा. वर स्पॉटिफायने २०२४ पासून एक उंबरठा घातला आहे: मागील बारा महिन्यांत जे गाणे हजार वेळाही वाजले नाही त्यास दमडीही नाही. आता हिशेब करा. सोलापूरकडच्या एखाद्या कीर्तनकाराचे एक पद परप्रांतातल्या सत्तर मराठी माणसांनी दरमहा एकदा, अगदी नेमाने ऐकले. वर्षाचे आठशे चाळीस होतात. त्या सत्तर जणांनी वर्षभर वर्गणी भरली आणि ज्याच्यासाठी भरली तो कोरडा राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याने गीतकार-संगीतकारांस मानधनाच्या वाट्याचा हक्क दिला, तो त्यांना लिहून देऊनही टाकता येत नाही. हक्क आहे, शून्याचा अर्धा भाग घेण्याचा हक्क.

दुसरी पद्धत शक्यच नाही, असेही नव्हे. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलावंतांपुरती अशी व्यवस्था केली की ऐकणाऱ्याचा पैसा त्याने ज्यांना ऐकले त्यांच्यातच वाटला जावा. म्हणजे हिशेब करता येतो. करावयाचा नसतो, एवढेच.

पैशांचे राहू द्या. नावाचे तरी काय? ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. नाटक खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. आमच्या त्या फुकटच्या तीन महिन्यांत या नाटकाची पदे आम्ही अनेकदा लाविली. पडद्यावर गाणाऱ्याचे नाव असे आणि ध्वनिमुद्रण विकणाऱ्या कंपनीचे असे. खाडिलकर नाहीत, टेंबे नाहीत, पुष्कळदा नाटकही नाही. सगळे रोमन लिपीत. त्या लिपीत कळा, काला, काळा आणि कला ही चारही एकच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही परप्रांतस्थांनी पेढे वाटले होते. ज्या भाषेतल्या पदाखाली पद लिहिणाऱ्याचे नाव नसते, तिचा दर्जा त्या यादीत कोणता, हे वाचकांनीच ठरवावे.

या सर्वांवर आमचे स्नेही जे उत्तर देतात ते आम्हांस खरोखर विचारात पाडणारे आहे. ते म्हणतात, “अहो, निदान पोरांच्या कानांवर मराठी पडते ना?” आमची कन्या सहा वर्षांची आहे. शाळेत इंग्रजी, मैदानावर बंगाली, दूरचित्रवाणीवर हिंदी. मराठी तिला आईबापांच्या भांडणापुरती आणि गाण्यापुरती. झोपण्याच्या वेळी आम्ही तिला मराठी अंगाईगीत लावून देत असू. नोंदणीच्या वेळी यंत्राने भाषा विचारली होती आणि आम्ही मराठीच सांगितली होती. एके रात्री पाणी प्यावयास उठलो तो खोलीत कोणी पंजाबी तरुण मोटारीची आणि मद्याची थोरवी गात होता, आणि कन्या शांत झोपली होती. अंगाई संपल्यावर यंत्राने आपल्या बुद्धीने पुढची गाणी निवडली होती. त्याचा हिशेब उघड आहे: हे ऐकणाऱ्या इतरांनी पुढे काय ऐकले, ते यालाही द्यावे. आपण थोडे, ते पुष्कळ. पायवाट ज्यांच्या पावलांनी पडली त्यांच्या घरी जाते. ही आपोआपची सोय बंद करता येते, हे आम्हांस नंतर कळले. तेवढा दोष आमच्या अज्ञानाचा. परंतु दुसऱ्या दिवशी कन्येने अंगाईचे शब्द न म्हणता मोटारीचे म्हणून दाखविले, तो दोष कोणाच्या खाती मांडावा?

आता आमच्या बंगाली शेजाऱ्यांचे उदाहरण घ्या. वर ज्यांनी प्रश्न विचारला तेच हे. त्यांच्या मोबाइलवरही हीच वर्गणी आहे, आणि ते ती आनंदाने भरतात. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा कपाटात ‘गीतबितान’ होते. पाठ मोडलेले, पाने पिवळी पडलेली. त्यांच्या वृद्ध मातोश्री स्वयंपाकघरातून गाणे म्हणत होत्या आणि नातू मध्येच चुकला तर तेथूनच त्याचा शब्द सुधारीत होत्या. रवींद्रनाथांच्या रचनांवरचा स्वामित्वहक्क १९९१ च्या अखेरीस संपावयाचा होता. तो टिकावा म्हणून देशाच्या कायद्यातली मुदत पन्नासाची साठ वर्षे झाली, आणि २००१ च्या अखेरीस तो संपला. कोण काय गाऊ शकतो यावर या शहरात दशकानुदशके वाद झाले. वाद झाले, कारण गाणे लोकांच्या गळ्यात होते. या शेजाऱ्यांनी उद्या वर्गणी बंद केली तर त्यांच्या घरातले गाणे बंद पडणार नाही. आमच्या घरातले पडले असते. त्यांना ती वर्गणी परवडते आणि आम्हांस परवडत नाही ती या अर्थाने. यात मूळ वेतनाचा संबंध नाही.

आपल्याकडे असे नव्हते काय? १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीने माडगूळकर आणि फडके यांचे गीतरामायण ऐकविले. छप्पन्न गीते, आठवड्याला एक. पुढच्या गीतासाठी आठ दिवस थांबावे लागे, आणि त्या आठ दिवसांत आधीचे गीत घराघरांत पाठ होई. आमच्या आजीस त्यातली अनेक येत. तिला लिहिता येत नव्हते. आम्हांस हाताशी छप्पन्नही एकाच वेळी मिळाली, आणि तीन महिन्यांत एकही पाठ झाले नाही.

तेव्हा अठ्ठावीस तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गणीचा आदेश रद्द केला. रद्द करण्याची कळ चार पडद्यांच्या मागे होती. प्रत्येक पडद्यावर “तुमची खात्री आहे ना?” अशा अर्थाचा प्रश्न होता, आणि तिसऱ्यावर आणखी एक महिना अर्ध्या दरात देऊ केला होता. कचेरीत नस्ती दडपून ठेवण्याचा आम्हांस अनुभव असल्यामुळे आम्ही डगमगलो नाही.

“तुमच्या शंभर रुपयांनी कंपनीचे काय वाकडे होणार?” हा सहावा प्रश्न. काहीही नाही. ज्यांच्याकडे घरात पुस्तक आहे, गळ्यात गाणे आहे, त्यांनी वर्गणी खुशाल ठेवावी. फुकट, जाहिरातींसकट ऐकणाऱ्यांनी मात्र आमच्या बाजूस येऊन उभे राहू नये. कलावंताला त्यांच्याकडून आमच्याहूनही कमी मिळते. आम्ही वर्षाचे ते चौदाशे रुपये वेगळे काढले आहेत. त्यांतून पहिली ती खरवडलेली तबकडी घेतली. उरलेल्यांतून पुढच्या सुट्टीत गावी जाऊ तेव्हा जो कोणी प्रत्यक्ष गाताना सापडेल त्याच्या हातावर ठेवू. आकाशवाणीची केंद्रे, मुंबईची अस्मितावाहिनी धरून, मोबाइलवर विनामूल्य ऐकता येतात. सकाळची सोय तेवढ्याने भागते. शिवाय एक वही घातली आहे. तीत तीन रकाने: कोणी लिहिले, कोणी चाल लाविली, कोणी गायिले. रकाने आखण्याचे काम कन्येकडे आहे. तिच्या रेघा अजून वाकड्या येतात.

शेजाऱ्यांनी आपला तबकड्या वाजविण्याचा जुना संच महिन्यातून दोन रविवार देण्याचे कबूल केले आहे. ते मराठी ऐकावयासही बसणार आहेत. कोलकात्यातील ज्या मराठी बांधवांच्या ट्रंकेत तबकड्या, कॅसेटी किंवा आजीच्या हस्ताक्षरातील पदांच्या वह्या असतील त्यांनी त्या भंगारात घालण्यापूर्वी एकदा आमच्या क्वार्टरवर आणाव्यात. वेळ सायंकाळी पाचची. चहा आमचा, सुईचा खर्च वाटून घेऊ.