एका दाढेचा हिशेब



गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पावणेसहा वाजले होते. घरातल्या सगळ्यांची जेवणे आटोपली होती आणि मी अजून अर्ध्या भाकरीवर होते. डाव्या बाजूची खालची मोठी दाढ काढल्यापासून मी उजवीकडूनच चावते, त्यामुळे वेळ लागतो. आमच्या सांगलीत त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. खिडकीतून बाहेर पाहिले, पाणी प्यायले आणि तशीच उठले.

सूनबाई म्हणाली, "आई, रोज असंच अर्धपोटी उठता. तो दात बसवून का घेत नाही?"

मी पटकन म्हणाले, "आता या वयात कशाला तो परिग्रह?"

बोलायला बरे वाटले, पण रात्री सामायिकाला बसले तेव्हा तोच शब्द टोचत राहिला. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचा गुडघा बदलला. तेव्हा मीच मागे लागून ऑपरेशन करवून घेतले होते. ह्यांच्या गुडघ्यात धातू बसला त्याला घरात कोणी परिग्रह म्हटले नाही, मीही नाही. माझी दाढ त्याच वर्षी तडकली होती. ती काढली आणि 'ह्यांचे निस्तरले की बघू' म्हणून बाजूला ठेवली. कोणी नको म्हटले नव्हते. मीच म्हटले नाही.

आपल्यापैकी कितीजणी असे करतात ते मला ठाऊक आहे. म्हणून आज स्पष्ट लिहिते. जे आपण विचार करून, समजून सोडतो तो त्याग. जे नुसते पुढे ढकलतो ती हेळसांड. तिला त्यागाचे नाव देऊ नये. आणि माझ्या बाबतीत तर या हेळसांडीनेच अहिंसेचा प्रश्न माझ्या दारात आणून उभा केला. तो कसा, ते सांगते.

डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले. काहीच न करणे, ब्रिज किंवा इम्प्लांट. ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात आणि तीन दातांची जोडकॅप वर बसवतात. इम्प्लांटमध्ये जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. साधारण तीन ते सहा महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते, मग त्यावर दाढेची कॅप येते. हे काही कालपरवाचे फॅड नाही. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले होते.

मी १९८० सालची बी.कॉम. नोकरी केली नाही, पण वही अजून सुटलेली नाही. रात्री घसाऱ्याचा तक्ता मांडला. ब्रिज १८,००० रुपये, दहा वर्षे धरली तर वर्षाला १,८००. इम्प्लांट सगळे मिळून ४५,०००, पंधरा वर्षे धरली तर वर्षाला ३,०००, म्हणजे महिन्याला अडीचशे. कागदावर ब्रिज स्वस्त. पण त्या हिशेबात शेजारच्या दोन धडधाकट दातांची किंमत कुठे आहे? चांगले दात कापून खड्डा बुजवायचा, म्हणजे एक देणे फेडायला दोन ठेवी मोडण्यासारखे. शेजारचे दात आधीच किडलेले असते, त्यांना कॅप लागणारच असती, तर मी ब्रिजच निवडला असता. माझे तसे नव्हते.

काहीच न करण्यालाही खर्च आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही. समोरचा वरचा दात आधार नसल्याने हळूहळू खाली उतरू लागतो, शेजारचे रिकाम्या जागेत कलतात. आणि हाड झिजते. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, त्यातही बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत.

माझी तर दोन वर्षे गेली होती. डॉक्टर स्कॅन पाहून म्हणाले, "हाड कमी पडतंय. थोडी हाडाची पूड भरावी लागेल."

मी विचारले, "कशाची पूड?"

ते क्षणभर थांबले. मग सरळ सांगितले की नेहमी वापरतात ती गाईच्या हाडापासून, प्रक्रिया करून तयार केलेली असते. तिच्यावर ठेवायचा पातळ पडदा बऱ्याचदा डुकराच्या कातडीपासून बनतो.

मैत्रिणींनो, मी कंदमूळ घरात आणत नाही. चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही. पाणी गाळून घेते. आणि मी विचारले नसते तर ती पूड माझ्या जबड्यात कायमची बसली असती. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. "आमच्याकडे जैन पेशंट बरेच येतात, पण हे विचारत फारसं कोणी नाही," असे ते म्हणाले. मला वाटते हे त्यांनी आपणहून सांगायला हवे होते. पण खाण्याच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघणाऱ्या आपण, औषधाच्या खोक्याबद्दल गप्प का बसतो?

पर्याय आहे. कॅल्शियम फॉस्फेटपासून प्रयोगशाळेत बनवलेली कृत्रिम पूड मिळते. पडदाही कृत्रिम मिळतो. काही वेळा आपल्याच जबड्यातले थोडे हाड वापरता येते. मानवी देहदानातून आलेले हाडही वापरतात, म्हणून नुसते 'प्राण्याचे नको' म्हणून भागत नाही, नेमके काय वापरणार ते विचारावे. माझी गरज थोडी असल्याने कृत्रिम पूड चालेल असे डॉक्टर म्हणाले. फक्त ती भरल्यावर स्क्रूसाठी चार-सहा महिने थांबावे लागेल. थांबायची माझी तयारी आहे. दोन वर्षे विनाकारण थांबले, हे तर कारणाने आहे. पण दाढ काढली त्याच वेळी विचारले असते तर कदाचित पूडच लागली नसती, हेही वहीत लिहून ठेवले आहे.

माझ्या जाऊबाईंचे मत वेगळे आहे. त्यांची अगदी शेवटची दाढ गेली आहे. त्या म्हणतात, "मला काही अडत नाही, मी करणार नाही." त्यांचेही बरोबर आहे. शेवटची दाढ नसली तरी बहुतेकांचे चावणे नीट चालते. त्यांनी डॉक्टरांना दाखवले, विचार केला आणि नको म्हटले. माझे 'नको' तसे नव्हते, ते न विचारताच आलेले होते. जिने अजाणता पूर्वी तशी पूड घालून घेतली असेल तिनेही स्वतःला छळू नये. मनाला लागले तर माताजींपाशी बोलावे.

ज्या विचार करत असतील त्यांनी आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांचे, वर्षाचे इंजेक्शन चालू असेल, तर ते दंतवैद्यांना आधी सांगावे. अशा औषधांवर जबड्याची जखम क्वचित भरत नाही. आपल्या वयाच्या बायकांत ही औषधे खूप आहेत आणि दाताशी त्यांचा काय संबंध म्हणून सांगायचे राहून जाते. साखर असेल तर ती आधी ताब्यात आणावी. आणि औषधे देतानाच विचारावे की कॅप्सूलऐवजी गोळी मिळेल का, कारण कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचे असते.

तारीखही आपली आपण बघावी. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मऊ खाणे आणि वेळच्या वेळी औषध लागते. दशलक्षण पर्वात उपवास आणि गोळ्या दोन्ही धड होत नाहीत. मी परवा होकार कळवला आणि पर्व संपून पारणे झाल्यानंतरची तारीख मागून घेतली. सूर्यास्तानंतर तोंडात काही घालत नाही हेही सांगितले. त्यांनी त्याप्रमाणे गोळ्यांच्या वेळा बसवून देईन म्हटले.

पैसे माझ्या मुदत ठेवीतले आहेत. ह्यांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "माझ्या गुडघ्याबरोबरच का नाही केलंस?" उत्तर माझ्यापाशी नव्हते.

तुमच्याही तोंडात एखादी रिकामी जागा असेल, तर या महिन्यात एकदा दाखवून या. करा किंवा करू नका. पण विचारून ठरवा, आणि पूड कशाची ते नक्की विचारा.

जय जिनेंद्र.